हापशाचा दांडा आणि डिझाइन थिंकिंग

काळा_पाषाण (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात कंपनीने आम्हा २२ जणांना पुण्याबाहेरच्या एका रिसॉर्टवर नेऊन दोन दिवस डिझाइन थिंकिंग शिकवलं. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या, जाडजूड स्केचपेनं, दर तासाला बिस्किटं. पाच पायऱ्या घोकून घेतल्या: माणूस समजून घ्या, नेमकं अडलंय काय ते ठरवा, सुचेल तेवढं सुचवा, कच्चा नमुना करा, वापरणाऱ्याच्या हातात देऊन बघा. शिकवणारा पोरगा हुशार होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर सगळे पेंगत असताना त्याने विचारलं, "तुम्ही पाहिलेलं सगळ्यात चांगलं डिझाइन कोणतं?" फोन, फोन, कॉफीचं मशीन, फोन. माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, हापसा. हशा पिकला. त्याने चिठ्ठीवर 'हँडपंप' लिहून ती कोपऱ्यात चिकटवली. चहापर्यंत एसीच्या वाऱ्याने ती गळून पडली होती.

तिथे जे सांगता आलं नाही ते इथे सांगतो.

माझं गाव जालना जिल्ह्यातलं. शाळेसमोर हापसा होता. दांडा म्हणजे भरीव चौकोनी गज, टोकाकडे हात लागून लागून आरशासारखा झालेला. उन्हाळ्यात दुपारी चटका बसायचा, म्हणून बायका पदराचा बोळा करून धरायच्या. आम्ही दोघंतिघं पोरं मिळून त्याला लोंबकळायचो. पाय जमिनीवरून सुटायचे, दांडा खाली येऊन धाडकन आदळायचा आणि कुठल्यातरी ओसरीवरून एक म्हातारी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पहिल्या दहा-पंधरा हापशा कोरड्या जायच्या, नुसतं घसा खाकरल्यासारखं. मग पाणी. त्या यंत्राने आमचा हा छळ वर्षानुवर्षं सोसला.

याच्या आधीचे पंप असा छळ सोसत नव्हते. खडकात बोअर मारणारी यंत्रं युनिसेफने भारतात आणली ती १९६७ च्या बिहारच्या दुष्काळात. मग आपला ७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, बोअर झाले, आणि त्यांवर बसले बिडाचे पंप. त्यांचा आराखडा मुळात परदेशातल्या एका शेतघरासाठी होता: एक कुटुंब, दिवसाकाठी चार-सहा बादल्या. आपल्याकडे त्याच पंपावर पहाटे चारपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव. पिना झिजायच्या, बिडाचा दांडा मोडायचा. १९७४ मध्ये पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद निघाले.

गंमत अशी की यावरचा तोडगा तोवर निघालेला होता, तोही आमच्याच भागात. जालन्याला स्कॉटिश मिशनचे लोक बोअरचं काम करत. त्यांचे पंप सारखे मोडत, दुरुस्तीला तेच जात, म्हणून त्यांनी स्वतःच वेगळा पंप केला. त्याच्या पाठोपाठ सोलापूरला एक पंप निघाला. तो करणारा मिस्त्री कुठल्या कॉलेजात गेलेला नव्हता, हाताने काम करत शिकलेला. त्या काळातला सगळ्यात टिकाऊ पंप तो हाच.

त्यात काय विशेष? जुन्या पंपात दांडा आणि खाली बोअरमध्ये जाणारी सळई पिनांनी थेट जोडलेली असे. दांड्याचं टोक कमानीत फिरतं, सळईला मात्र सरळ खाली-वर जायचं असतं. या दोघांच्या भांडणात पिना आणि भोकं खाल्ली जातात. या नव्या घराण्यात दांड्याच्या आतल्या टोकाला कमानदार पट्टी आणि तिच्यावरून मोटारसायकलला असते तशी साखळी. दांडा कुणीही, कितीही वेडावाकडा मारो, साखळी सळईला सरळच ओढते. सांधा एकच. दांडा बिडाचा नाही, पोलादाचा, आणि मुद्दाम जड, कारण खाली लोंबणाऱ्या सळयांना त्याच्याच वजनाने तोलायचं. खांबाचा पाय काँक्रीटच्या ओट्यात गाडलेला, म्हणजे पंप डुगडुगणार नाही आणि सांडपाणी बोअरमध्ये मुरणार नाही.

पुढे युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीचा मद्रासचा कारखाना यांनी सोलापूर पंपावरून 'इंडिया मार्क २' तयार केला. कोइंबतूरकडच्या गावांत नमुने बसवले, गावकऱ्यांना वापरू दिले, काय मोडतंय ते पाहिलं, दुरुस्त केलं, आणि १९७० च्या दशकाअखेर कारखान्यातून पंप बाहेर पडू लागले. पेटंट कुणीच घेतलं नाही. आयएस ९३०१ हे मानक ठरलं, त्याप्रमाणे कुणीही बनवावा. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर ५० लाखांच्या घरात बसले होते म्हणतात. आफ्रिकेत आजही चालतात.

आमच्या वर्कशॉपमध्ये 'माणूस समजून घ्या' ही पायरी ४० मिनिटांत उरकली, तीही शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याची मुलाखत घेऊन. सोलापूरच्या मिस्त्रीला ही पायरी वेगळी करावीच लागली नाही. तो रोज तिथेच, हात ग्रीसने माखलेले. मला वाटतं सगळी मेख इथे आहे. पंप बिघडला की ज्याच्या दारात लोक येतात, त्याने केलेलं डिझाइन टिकतं.

तुम्हाला काय वाटतं?

---

सोलापुरी_मिरची

काय सांगता काय! आमच्या सोलापूरचा पंप आफ्रिकेत, अन् आम्हाला शाळेत नुसती चादर अन् चार हुतात्मे. एक धडा टाकायला काय हरकत हुती बे. धागा लई आवडला.

---

रिकामी_घागर

लेख चांगला आहे. पण हापसा बनवला कुणी हे कळलं, हापसला कुणी?

मी सांगते. आमच्याकडे (सातारा, माण तालुका) सकाळी चार हंडे, संध्याकाळी तीन. दोन पुरुष आयुष्यात हापसताना पाहिले. एक विधुर होता आणि दुसरा दारू उतरवायला डोक्यावर पाणी घेत होता.

आणखी एक. यंत्र उत्तम होतं, कबूल. ते बसवायचं कुठे हे कुणी ठरवलं? आमच्या गावात पाणी लागण्याच्या दोन जागा दाखवल्या होत्या. एक वस्तीजवळ, एक चावडीशेजारी. बसला चावडीशेजारी. वस्तीतल्या बायका हंडे घेऊन यायच्या आणि ओट्याच्या खाली उभ्या राहायच्या. वरच्या आळीतल्या कुणी आपला हंडा भरून झाल्यावर हापसून दिलं तर पाणी, नाहीतर थांबा. दांड्याला हात लावायचा नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. ती अर्धा-अर्धा तास थांबणारी बाई माझ्या वर्गातल्या मुलीची आई होती.

साखळी सळईला सरळ ओढते हे वाचून हे आठवलं. 'माणूस समजून घ्या' म्हणतात तेव्हा मी विचारते, कुठला माणूस?

---

पोस्टइट_पांडू

मी याच धंद्यात आहे, तेव्हा आयडीवरून हसून घ्या. कदाचित पाषाणभाऊंच्या त्या पोरासारखाच मीही कुणाची तरी चिठ्ठी कोपऱ्यात लावली असेल.

बाजू मांडतो. आधी थोडा इतिहास, कारण लोकांना वाटतं हे खूळ कालपरवाचं आहे. हर्बर्ट सायमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६९ मध्येच लिहून ठेवलंय की आहे ती परिस्थिती हवी तशी बदलण्याचे मार्ग आखणारा प्रत्येक जण डिझाइनच करत असतो. मग अमेरिकेत आयडिओ ही डिझाइन कंपनी (१९९१) आणि स्टॅनफर्डची डी-स्कूल, जी त्यानंतर दीडेक दशकाने आली, यांनी त्याच्या पायऱ्या पाडल्या, शिकवण्याजोगं केलं. पायऱ्या पाडल्या की पाठांतर आलं, हेही खरं.

पण धाग्यातलंच उदाहरण बघा. कोइंबतूरला काय केलं? नमुना बसवला, लोकांना वापरू दिला, मोडलं ते टिपलं, पुन्हा केला. आम्ही शिकवतो ते हेच.

पाण्याचंच दुसरं उदाहरण देतो, आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे. हैदराबादजवळच्या एका वस्तीत शुद्ध पाण्याचा प्रकल्प होता. चालण्याच्या अंतरावर, पाणी परवडणारं, घरात सगळ्यांना माहीत. तरी तिथली एक बाई रोज बोअरचंच पाणी आणायची, आणि त्या पाण्याने घरात अधूनमधून आजारपण यायचं. अडाणी म्हणून? नाही. प्रकल्पाचं पाणी त्यांच्याच २० लिटरच्या चौकोनी प्लास्टिक कॅनमधून न्यायला लागायचं. तो भरला की तिला उचलवायचा नाही. डोक्यावर बसायचा नाही, कमरेवर टेकायचा नाही. वर महिन्याचं कार्ड, रोज २० लिटर घ्यायलाच हवेत, तिला तेवढे लागायचे नाहीत. पाण्यात दोष शून्य. अडलं कुठे, तर कॅनला कंबर नव्हती. हे प्रयोगशाळेत कळत नाही, तिच्याबरोबर चालत गेलं तर कळतं.

घागरताई, जागेचा मुद्दा मान्य. आमच्या पाच पायऱ्यांत त्याला जागा नाही, खरं सांगतो.

---

शब्दनिष्ठ

'एम्पथी'ला मराठीत समानुभूती म्हणावं की सहानुभूती? सहानुभूतीत थोडी कीव येते. कुणी सह-अनुभूती असंही लिहितात. धाग्यात 'माणूस समजून घ्या' आहे ते सोपं आहे, पण संज्ञा म्हणून चालणार नाही.

---

सोलापुरी_मिरची

मास्तर, हितं बाईला हंडा उचलंना अन् तुमचं सह का सम.

---

वेताळ_टेकडीवाला

हापशाचा विषय निघालाच आहे तर त्याचा श्रीमंत चुलतभाऊ आठवला. दक्षिण आफ्रिकेतला 'प्लेपंप'. माहीत नसेल त्यांच्यासाठी: मुलांचा गोल फिरणारा पाळणा, आपल्या बागेत असतो तसला. मुलं खेळतील, पाळणा फिरेल, खालून पाणी उपसून वरच्या टाकीत जाईल. टाकीच्या बाजूंना जाहिराती, त्यातून देखभालीचा खर्च. ऐकताक्षणी टाळ्या पडाव्यात अशीच कल्पना, आणि पडल्याही. २००० मध्ये जागतिक बँकेचं बक्षीस, २००६ मध्ये अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचे ठरले.

मग काय झालं? नवी नवलाई संपल्यावर मुलं दुसरीकडे खेळायला गेली. पाळणा हा एकदा ढकलला की आपोआप गरगरतो म्हणून मजेचा. यात पाण्याचा भार ओढायचा, हात सोडला की थांबतो. मग तो फिरवायचा कुणी? बायकांनी. मोझांबिकमध्ये म्हाताऱ्या बायका वाकून तो पाळणा ढकलत होत्या आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. हापशावर निदान ताठ उभं राहता येतं. एका ब्रिटिश दैनिकाने हिशेब मांडला की ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेल इतकं पाणी काढायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. किंमत सुमारे १४,००० डॉलर, साध्या हापशाच्या चौपट. बिघडला तर गावात कुणाला दुरुस्त करता येत नाही. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट, काही ठिकाणी चालू हापसा काढून त्या जागी हा बसवला. २०१० उजाडेपर्यंत अमेरिकेतल्या संस्थेने गाशा गुंडाळला.

ज्या अमेरिकी वार्ताहर बाईंनी आधी टीव्हीवर याचं कौतुक केलं होतं, त्याच पुन्हा जाऊन बंद पडलेले पंप दाखवून आल्या. एवढा प्रामाणिकपणा आपल्याकडे कुठल्या चॅनलवर दिसला तर कळवा.

---

पोस्टइट_पांडू

प्लेपंप आम्ही वर्गात दाखवतो, कसं करू नये म्हणून. त्यात मुलांचा विचार होता, दात्यांचा होता, जाहिरातदारांचा तर नक्कीच होता. पहाटे पाच वाजता पाणी लागणाऱ्या बाईचा नव्हता. पहाटे पाचला कुठलं पोर पाळण्यावर बसतंय?

---

कोरडा_प्रश्न

सगळे एका सुरात बोलायला लागले की मला खाज सुटते, म्हणून लिहितो.

बांगलादेश. १९७० च्या दशकापासून तिथे गावोगाव हातपंप बसवले, कारण लोक तळ्याचं पाणी पीत आणि जुलाबाने मुलं दगावत. पंप साधा, स्वस्त, घरच्या अंगणात. लोकांना इतका आवडला की पुढे त्यांनी स्वतःच्या पैशाने लाखोंनी बसवले. मानवकेंद्री म्हणाल तर याहून जास्त काय हवं? वापरणारा खूश, दुरुस्ती गावातल्या गावात, बाईला लांब जावं लागत नाही. चिठ्ठ्यांच्या सगळ्या भिंतींवर पैकीच्या पैकी.

१९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. वास नाही, चव नाही, रंग नाही. तळहातावर खरखरीत चट्टे दिसेपर्यंत दहा-पंधरा वर्षं जातात. कोट्यवधी लोक ते पाणी पीत होते. इतिहासातली सगळ्यात मोठी सामूहिक विषबाधा म्हणतात तिला.

तुम्ही त्या बाईबरोबर चालत गेला असता, तिच्या अंगणात महिनाभर मुक्काम ठोकला असता, तरी ती म्हणाली असती, पाणी गोड आहे. माणसाला विचारून आर्सेनिक कळत नाही, त्याला बाटली भरून प्रयोगशाळेत न्यावी लागते. म्हणून 'माणूस मध्यभागी' हे ऐकलं की मी विचारतो, आणि कडेला कोण? भूगर्भशास्त्रज्ञ, केमिस्ट, ते कंटाळवाणे लोक कुठे बसवलेत?

आपल्याकडेही यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचे बोअर आहेत. दात पिवळे पडलेली पोरं तुम्हीही पाहिली असतील.

---

काळा_पाषाण

कोरडा_प्रश्न, याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही. माझा 'दुरुस्ती करणारा डिझाइन करतो' हा सिद्धान्त आर्सेनिकपुढे आडवा पडतो, कारण तिथे पंप बिघडलाच नव्हता.

घागरताई, तुमचा प्रतिसाद वाचून आईला फोन केला. विचारलं, आपल्या हापशावर असं होतं का. ती गप्प राहिली आणि म्हणाली, "तुला आत्ता कशाला पाहिजे ते?" म्हणजे होतं. मी रोज तिथे खेळत होतो.

---

रिकामी_घागर

आर्सेनिकच्या गोष्टीचा पुढचा भाग मी सांगते. तपासणी झाल्यावर विषारी पंप लाल रंगवले, बरे होते ते हिरवे. छान, सोपं, निरक्षरालाही कळेल असं. मग लाल पंपवाल्या घरातल्या बाईने हिरव्या पंपवाल्या दुसऱ्याच्या अंगणात रोज जायचं. पाणी मागायला. नव्या सुनेला हे सांगायचं. तिथे पुन्हा कोण कुणाच्या अंगणात जाऊ शकतं हा प्रश्न. म्हणजे केमिस्टही हवा आणि अंगणही समजायला हवं. तुम्ही दोघं भांडू नका.

---

पाना_नंबर_बत्तीस

नवीन सदस्य आहे, पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. वडील पंचायत समितीत हातपंप मेकॅनिक होते, आता निवृत्त. हा धागा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं टाइप करतोय.

ते म्हणाले, मार्क दोनचं वरचं डोकं म्हणजे सोनं. झाकण उघडा, साखळीला ग्रीस लावा, नट आवळा, झालं. बिघाड नेहमी खाली. सिलिंडर शंभर फुटांवर, आणि त्यातलं चामड्याचं वॉशर झिजतं. दीडशे रुपयांचंसुद्धा काम नाही. पण ते बदलायला अख्खी पाइपलाइन वर काढायची. दहा फुटी लोखंडी पाइप, एकात एक फिरवलेले, आत सळया, आत पाणी. शंभर फुटांना सव्वाशे किलोच्या वर वजन. तिकाटणं लावायचं, गाडी हवी, तीन-चार माणसं हवीत. निसटला तर सगळा माल बोअरमध्ये, मग गळ टाकून बसा. गाडीला डिझेल नाही म्हणून वॉशरसाठी हापसा दोन-दोन महिने बंद. लोक शिव्या कुणाला देणार? दारात येणाऱ्याला, म्हणजे वडिलांना.

नंतर मार्क तीन आला. त्याचा पाइप रुंद, अडीच इंची. त्यामुळे पाइप जागेवर ठेवून नुसत्या सळया ओढल्या की दट्ट्या वॉशरसकट वर येतो. दोन माणसं, दोन पाने, तासा-दीड तासाचं काम. वॉशरही चामड्याऐवजी नायट्राइल रबराचं, जास्त टिकतं. म्हणजे वर हापसणाऱ्याचा विचार मार्क दोनने केला आणि खाली वाकणाऱ्याचा मार्क तीनने, असं वडिलांचं मत. पण लगेच म्हणाले, रुंद पाइप महाग आणि जड. कधी पाइपच फुटला तर मार्क दोन परवडला.

अजून एक म्हणाले ते मला नवीन होतं. बायका दांडा पूर्ण वर-खाली करत नाहीत. मधल्यामध्ये छोट्या-छोट्या, भराभर हापशा. दम कमी लागतो आणि गप्पा मारता येतात. पोरं मात्र पूर्ण दांडा आपटतात. म्हणून कुठल्या गावात पोरं जास्त पाणी भरतात ते त्यांना बेअरिंग उघडलं की कळायचं. बायकांच्या हापशाचं बेअरिंग एकाच जागी झिजलेलं. आणि उथळ बोअर असेल तर सळयांना वजन कमी, त्या खाली यायला कंटाळतात, साखळी ढिली पडते, खडखड वाजते. साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. तो आवाज ऐकून ते लांबूनच बोअर किती खोल ते सांगायचे. हे कुठल्या फॉर्मवर लिहिलं का विचारलं, तर म्हणाले, फॉर्मवर 'दुरुस्त / नादुरुस्त' एवढेच दोन रकाने.

---

पोस्टइट_पांडू

वडिलांना नमस्कार सांगा. बेअरिंग उघडून गाव वाचणारा माणूस! आणि आम्ही लोकांना विचारतो, "तुम्ही हा पंप साधारण कसा वापरता, एक ते पाच गुण द्या."

---

रिकामी_घागर

गप्पा मारता येतात हे अगदी खरं! आमच्या गावातल्या निम्म्या सोयरिकी हापशावर जुळल्या.

दुरुस्तीवरून आठवलं, उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमाने ९० च्या दशकात बायकांना हापसा मेकॅनिक केलं होतं. बऱ्याच जणी दलित, काही अक्षरओळख नसलेल्या. आधी गावकऱ्यांनी चेष्टा केली, मग हापसा बंद पडल्यावर त्यांनाच बोलवायला लागले. ज्यांना दांड्याला हात लावू देत नव्हते त्याच पाना घेऊन ओट्यावर चढल्या. मला तर या धाग्यातलं सगळ्यात चांगलं डिझाइन हे वाटतं, आणि यात लोखंडाचा तुकडाही बदललेला नाही.

---

उत्तरध्रुवीय

इकडे नॉर्वेत बसून वाचतोय. विषयांतर होईल, पण चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला होता. त्यावरूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी ही डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था निघाली. त्यात त्यांनी भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत सर्वांत जास्त कौतुक कशाचं केलं असेल? तांब्याचं! पाणी किती मावतं, रिकामा नि भरलेला तोल कसा, गळ्याला धरायला कसं, डोक्यावर-कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी, अशी लांबलचक यादी दिली आहे. आणि म्हटलंय की हा कुणा एका माणसाने डिझाइन केलेला नाही, पिढ्यानपिढ्या घडत गेला.

तो हैदराबादचा चौकोनी कॅन ज्याने निवडला त्याच्या घरात तांब्या असणारच की.

---

शब्दनिष्ठ

ईम्स यांच्या अहवालात 'लोटा' शब्द आहे. लोटा आणि तांब्या एकच का, यावर मतभेद होऊ शकतात.

---

सोलापुरी_मिरची

होऊ द्या मतभेद, वेगळा धागा काढा. पाषाणभाऊ, दिवाळीला गावी गेलात तर त्या हापशाचा फोटू टाका. आमच्या सोलापूरचा माल आहे, बघू तरी कसा ठेवलाय.

---

काळा_पाषाण

(बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय.)

जाऊन आलो. हापसा आहे, पण नावाला. घरोघर नळ आलेत, दिवसाआड का होईना पाणी येतं. बोअर तर आधीच कोरडा पडला. आजूबाजूला पाचशे-सहाशे फुटांचे बोअर झाल्यावर आमचा दीडशे फुटांचा किती दिवस टिकणार? साखळीने ओढायचा पंप तेवढ्या खाली पोचत नाही, कुठल्याही मिस्त्रीने केला तरी. झाकण गायब, साखळी गंजून एक गोळा झालीय. खांबावर खडूने तीन उभ्या रेघा, पोरं त्याचाच स्टंप करून खेळतात. ओट्यावर हंडे ठेवून ठेवून पडलेल्या वाट्या मात्र तशाच आहेत, पावसाचं पाणी साठतं, चिमण्या पितात.

दांडा जागेवर नव्हता. चौकशी केली. एकाने सांगितलं भंगारात गेला, दुसऱ्याने सांगितलं शाळेच्या कपाटामागे आहे. शेवटी चुलत्यांच्या गोठ्यात सापडला. बैल बांधायला खुंटा म्हणून जमिनीत ठोकलाय. दोन्ही हातांनी हलवून पाहिला, तसूभर हलला नाही. चुलते म्हणाले, लाकडाचे तीन खुंटे मोडले या बैलाने, हा काही मोडत नाही.

---

पाना_नंबर_बत्तीस

वडील विचारताहेत, घासून चकाकणारं टोक वर आहे की खाली गाडलंय?

---

काळा_पाषाण

वर आहे. दाव्याने अजूनच चकाकतंय.